तायडे सिस्टरांच्या अकरा वह्या

तायडे सिस्टर पहिल्यांदा वाचनालयात आल्या तेव्हा मला वाटलं, लसीकरणाचं काहीतरी असणार. खांद्याला लसींचा निळा डबा अडकवून उन्हातून झपझप जाणाऱ्या सिस्टर आमच्या तालुक्यात सगळ्यांनीच पाहिलेल्या. पण त्या दिवशी डबा नव्हता. काखेत एक वही होती. माझ्या टेबलासमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "भाऊ, पाखराचं पुस्तक हाये का तुमच्यापाशी? चित्रं पाह्यजेत. नुसतं लिवलेलं नोको."

पुस्तक होतं. एकच, तेही पाठ सुटलेलं. ते घेऊन त्या खिडकीशी जाऊन बसल्या आणि वाचनालय बंद व्हायची वेळ झाली तरी उठल्या नाहीत. मी किल्ल्या वाजवल्या तशी त्यांनी मलाच हाक मारली.

"हे पाहा, हे पाहा! हेच पयती!"

चित्राखाली नाव होतं, धाविक. माळावरचं लहानसं, मातीच्या रंगाचं पाखरू. चार पावलं पळायचं, थबकायचं, वाकून काही टिपायचं, पुन्हा पळायचं. डोळ्यावरून काळी-पांढरी रेघ. पयती म्हणजे पळती. सिस्टरांनीच ठेवलेलं नाव. "काजय लावून पयते, म्हून पयती," त्यांनी मला समजावलं. मग पुस्तकातलं नाव दोनदा तोंडात घोळवून पाहिलं. "धाविक. चांगलं हाये. पन माह्यावालं बी काही वाईट नाही."

त्या महिन्याभरापूर्वीच निवृत्त झाल्या होत्या. आरोग्य उपकेंद्राच्या नर्स. वाट्याला पाच गावं. फाट्यापर्यंत एसटी, पुढं पायी. त्या पायी चालण्यात त्यांना पाखरांचा नाद लागला. "चालता चालता दुसरं पाह्याचं काय? मांगं पाह्यलं तर धूळ, पुढं पाह्यलं तर पाखरं." घरी गेल्यावर दिवसभराचं त्या वहीत लिहायच्या. अशा अकरा वह्या झाल्या होत्या. वीसेक वर्षांच्या.

त्या वह्या म्हणजे अजब प्रकार होता. एक पान अजून तोंडपाठ आहे: "शुक्रवार. ऊन. चास १, तारेवर. पयती ३, सुमनच्या तुरीत. सुमन निंदत होती. उत्तम घरी, पाय सुजला. लहानीले ताप, गोळी देल्ली." चास म्हणजे नीलपंख. पाखरं, माणसं, ताप, ऊन, सगळं एकाच रांगेत. सिस्टरांना त्यात काही वेगळं वाटत नसे. जे दिसलं ते लिहिलं.

पुस्तकातली नावं आणि वहीतली नावं जुळवण्यात आमचे दोन-तीन महिने गेले. लोक टेबलाभोवती जमू लागले. मी फळ्यावर एक चिठ्ठी लावली आणि एका रविवारी आठ जण सकाळी सहाला एसटी स्टँडवर हजर झाले. आमचं पक्षिमंडळ असं सुरू झालं. दातांचे डॉक्टर देशमुख अध्यक्ष झाले, कारण त्यांच्याकडं गाडी होती, दोन दुर्बिणी होत्या आणि अध्यक्ष व्हायची हौसही होती. सिस्टरांना पद नव्हतं. त्या नसल्या तर मात्र कोणी निघत नसे.

सिस्टर पाखराकडं बोट दाखवत नसत. हनुवटीनं दाखवत. "बोट केलं का त्याले कयते." मोजायच्या त्या बोटांच्या पेरांवर, अंगठा सरकवत. पाखरं मोजून झाली की आम्हाला मोजायच्या. एकदा रोहिणखेडच्या जुन्या मशिदीत पाकोळ्यांची घरटी पाहायला गेलो होतो. परत निघताना त्यांनी गाडीच थांबवली. "एक कमी हाये." कोणी म्हणालं, असेल चहाला. "लसीच्या दिवशी एक पोरगं कमी भरलं तर मी म्हनत होती का, असन चहाले?" जोशी मॅडम मागंच राहिल्या होत्या, मशिदीच्या पायरीवर चपलेचा अंगठा शिवून घेत.

आणि बडबड चालायची नाही. "आधी आयकाचं, मंग पाह्याचं. बोलाचं ते चहाच्या टायमाले."

एकदा पुण्याहून एक पाहुणे आले होते. गळ्यात हातभर लांब कॅमेरा. सिस्टर हळूच म्हणाल्या, "ते पाहा, बाभईवर पाखरू बसून राह्यलं." पाहुणे हसले. म्हणाले, "पाखरू नाही हो बाई, पक्षी म्हणा. आणि बसून राह्यलं काय, बसलेला आहे." सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या गावात पक्षी बसलेला असन. इथं पाखरूच बसून राह्यलं. पाह्याचं तर पाहा, नाहीतं उडून जाईन." तेवढ्यात ते उडालंच. काय होतं ते पाहुण्यांना अखेरपर्यंत कळलं नाही. परतीच्या वाटेवर सिस्टरांनी त्यांना स्वतःच्या डब्यातली भाकर दिली आणि पुढच्या रविवारी ते दिसेल, या, असंही सांगितलं. मनात धरून ठेवणं त्यांच्यात नव्हतं. निदान तेव्हा नव्हतं.

आमची सगळ्यात आवडती जागा एका गावाची ई-क्लास होती. ई-क्लास म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सरकारी पडीत जमीन. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथंच आहेत. ते सिस्टरांचं माहेर, त्यांच्या पाच गावांपैकीच एक. मैलभर माळ, खुरटं गवत, मुरूम, मधे एक कोरडा नाला. माळाच्या कडेकडेनं एकोणीस घरांची वहिती होती, बहुतेक बौद्ध, बिनजमिनीची घरं. आजोबांनी दगड वेचून मोकळे केलेले तुकडे नातू पेरत होते. सातबारा कोणाच्याच नावावर नव्हता.

त्यातला एक तुकडा सुमनबाईचा. सुमनबाई आणि सिस्टर चौथीपर्यंत एका पाटीवर शिकलेल्या. पुढं सिस्टर शिकत गेल्या, सुमनबाईचं लग्न झालं, तेही गावातच. साऱ्या तालुक्याच्या 'सिस्टर'ला कमल म्हणून हाक मारणारी ती एकटीच होती.

मे महिन्यात एकदा आम्ही तिथं गेलो तेव्हा सुमनबाईचा नवरा उत्तमराव वखर हाणत होते. सिस्टरांनी लांबूनच हात वर केला. उत्तमराव ओरडले, "हाव, माहीत हाये! दगड ठेवला!" जवळ गेलो. वखरलेल्या काळ्या रानात पायलीएवढा तुकडा तसाच सोडलेला, बाजूला खुणेचा दगड, आणि उघड्या मातीवर धाविकाची दोन अंडी. उत्तमराव दरवेळी तिथं आले की वखर उचलून घेत आणि पलीकडं टेकवत. डॉक्टरांनी फोटो काढले. कोणीतरी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं असं करायला?" उत्तमराव गोंधळले. "सांगाले काय लागते? अंडे हायेत ना तथी."

त्या पावसाळ्यात बोलवा उठली की ई-क्लासवर सोलरचं काहीतरी येणार. दोन माणसं खांब रोवून मापं घेऊन गेली. डॉक्टर अस्वस्थ झाले. तो माणूस मनापासून पक्षीवेडा होता, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांनी ठरवलं, हा माळ पक्ष्यांसाठी राखीव करावा, असा अर्ज द्यायचा. सोबत वीस वर्षांच्या नोंदी. तेवढ्या नोंदी अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाकडं होत्या? सिस्टरांनी अकराच्या अकरा वह्या एका पिशवीत भरून आणून दिल्या. "माळ वाचला तं सुमनचं बी वाचते," त्या म्हणाल्या. "फक्त झाडं लावाले येऊ नोका मनावं. पयतीले झाडं नाही लागत."

वह्या उतरवून घ्यायचं काम माझं. अक्षर बारीक, म्हणून मी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि मोठं करून टाइप करू लागलो. पहिली तीस पानं होती तशी उतरवली. डॉक्टरांनी वाचली आणि पेन्सिल काढली. "हे सुमन, उत्तम, लहानीचा ताप... हे कशाला? आपला विषय पक्षी आहे. शास्त्रीय नोंद स्वच्छ पाहिजे." मला ते पटलं. आज लिहिताना हात जड होतो, पण तेव्हा पटलं होतं. "पयती २, सुमनच्या तुरीत" या ओळीचं मी "धाविक २, ई-क्लास माळ" केलं. अशा किती ओळी केल्या, मोजल्या नाहीत.

अर्जाचा मजकूर डॉक्टरांनी सांगितला, मी टाइप केला. त्यात एक वाक्य होतं: "अलीकडच्या काळात वाढलेल्या अतिक्रमणामुळे या पक्ष्यांचा अधिवास धोक्यात आला आहे." माझी बोटं 'अलीकडच्या' शब्दावर थांबली होती. मी डॉक्टरांकडं पाहिलं. ते म्हणाले, "असं लिहिल्याशिवाय कचेरी हलत नाही हो. कोणाला उठवायचं थोडंच आहे." मी पुढचं वाक्य टाइप केलं.

सही घ्यायला सिस्टर रविवारी आल्या. नोकरीत असताना कोणत्याही बाईचा अंगठा घेण्याआधी सगळा फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवणारी ही बाई. त्यांनी अर्ज हातात घेतला, चष्मा शोधला. चष्मा घरी राहिला होता. बाहेर गाडी उभी होती, लोक खोळंबले होते. त्यांनी मला विचारलं, "तुमी वाचलं ना, भाऊ?"

मी म्हणालो, "हो."

"मंग झालं," म्हणून त्यांनी सही केली. पहिली सही त्यांचीच होती, मोठ्या, गोल अक्षरात.

दिवाळीच्या आधी एकोणीस घरांना नोटिसा आल्या.

सोमवार होता. सिस्टर वाचनालयात आल्या तेव्हा मागं सुमनबाई होती. ती आत आली नाही. दाराशीच उभी राहिली, हातात नोटीस आणि तिला जोडलेली अर्जाची झेरॉक्स. पहिली सही कोणाची, हे गावात एव्हाना शेंबड्या पोरालाही माहीत झालं होतं.

"इचारा त्याहीले, सिस्टरबाई," सुमनबाई म्हणाली.

कमल नाही, सिस्टरबाई. सिस्टरांनी वळून तिच्याकडं पाहिलं. मग माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसून त्यांनी चष्मा लावला आणि अर्ज पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. यादीसकट. पाऊण तास. मधे कोणी पेपर मागायला आलं, मी दिला. सुमनबाई उभीच होती.

वाचून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, "माह्या वहीत सुमन होती. इथं कुठी गेली?"

"डॉक्टर म्हणाले की..."

"डॉक्टरले नाही इचारून राह्यली. टाइप कोनं केलं?"

"मी."

"अन् वाचलं बी तुमीच होतं."

मी मान हलवली. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नर्सच्या आवाजात, पुढचं काम काय ते ठरवल्यासारख्या बोलू लागल्या. वह्या कुठं आहेत? अर्जाला जोडून कचेरीत. मग तिथून लवकर मिळणार नाहीत. गुरुवारी सुनावणी आहे, वहिती जुनी असल्याचं दाखवलं तर उठवणं थांबेल. ही माणसं वीस वर्षांपासून तिथं पेरतात, हे दाखवणारा दुसरा कागद कोणाकडंच नाही. "तुमी फोटो काढले होते ना पानायचे? ते काढून द्या मले. जेथी सुमन हाये, उत्तम हाये, बाकीचे हायेत, ते सगळे पानं."

"शोधून ठेवतो," मी म्हणालो.

शोधायचं काही नव्हतं. मोबाइल माझ्या खिशात होता.

त्या गेल्यावर मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, रविवारी मिटिंग घेऊ, सगळ्यांच्या विचारानं ठरवू, तोवर काही देऊ नका, मंडळाचे कागद आहेत. मी हो म्हणालो. वाचनालयाच्या समितीवर डॉक्टर होते. माझी नोकरी त्या समितीच्या हातात होती. हे कारण म्हणून सांगत नाही. असं होतं, एवढंच.

मंगळवारी सिस्टर आल्या. मी म्हणालो, मोबाइल दुरुस्तीला दिलाय. बुधवारी आल्या. मी म्हणालो, उद्या मिळेल. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि परत गेल्या. मला वाटतं, त्यांना तेव्हाच कळलं.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकून तहसील कचेरीत गेलो. आत जायचा धीर झाला नाही. व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिलो. एकोणीस घरांची माणसं एका बाजूला, सिस्टर दुसऱ्या बाजूला, एकट्या. त्यांच्या शेजारी कोणी उभं राहिलं नव्हतं. साहेबांनी विचारलं, "ही सही तुमची?"

"हाव, माहीच हाये."

"मग आता अतिक्रमण जुनं आहे म्हणता, ते कशावरून?"

"माह्या वह्यायमधी हाये सगळं. तुमच्यापाशीच हायेत वह्या. काढून पाहा."

वह्या गठ्ठ्यात कुठंतरी होत्या. साहेबांपुढं होती ती माझी स्वच्छ यादी. ती चाळून ते म्हणाले, "यात तर एकाही माणसाचं नाव नाही, बाई."

सिस्टर म्हणाल्या, "सही करतानी म्या वाचलं नव्हतं."

भिंतीकडून कोणीतरी मोठ्यानं हसलं. "आमाले शिकवत होत्या, वाचल्याबिगर अंगठा देऊ नोका!" सिस्टर मान वर ठेवून उभ्या होत्या. माझा हात खिशावर होता. खिडकीपासून त्या टेबलापर्यंत दहा पावलंही नसतील.

शनिवारी कचेरीचे ट्रॅक्टर आले. तूर फुलावर होती. संध्याकाळपर्यंत तीन घरांची तूर आडवी झाली. तिसरी सुमनबाईची.

रविवारी वाचनालयातल्या मिटिंगला सिस्टर आल्या. डॉक्टरांचाही चेहरा उतरलेला होता. त्यांनी समजावायचा प्रयत्न केला. "सिस्टर, मलाही वाईट वाटतं. पण तो माळ गेला तर धाविक जाईल. तुम्हीच तर दाखवलात आम्हाला."

"माळ राह्यला कोनामुळं, डॉक्टरसाहेब? उत्तमनं अंड्यावरून वखर उचलला, तवा फोटो तुमीच काढला ना?"

"हो, पण..."

"त्या फोटोत उत्तम हाये का?"

डॉक्टरांनी भिंतीकडं पाहिलं. तो फोटो वाचनालयाच्या भिंतीवरच लावलेला होता. दोन अंडी आणि माती. सिस्टरांनी सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं. त्यांनी एवढंच मागितलं की, मंडळानं एका ओळीचं पत्र द्यावं, अर्जात चूक झाली म्हणून. जोशी मॅडम चपलेकडं बघत बसल्या. कोणी म्हणालं, विचार करू. कोणी म्हणालं, मंडळाची बदनामी होईल. मी काहीच म्हणालो नाही.

सगळे गेल्यावर मी कपाटातून प्रिंटांचा गठ्ठा काढला आणि त्यांच्यापुढं धरला. शुक्रवारीच काढून ठेवले होते, हेही तेव्हा बोललो नाही. त्यांनी पहिलं पान पाहिलं, शेवटचं पाहिलं.

"आज देऊन राह्यले, भाऊ?"

त्यानंतर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत.

सोमवारी त्या गठ्ठा घेऊन कचेरीत गेल्या आणि मूळ वह्या बाहेर काढेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. काम थांबलं. सोळा घरांची तूर वाचली. पुढची चौकशी अजून चालू आहे. जमीन ना माळ म्हणून राखीव झाली, ना कोणाच्या नावावर. सोलरवालेही पुन्हा दिसले नाहीत. तायडे सिस्टरांनी मंडळ सोडलं. सोडलं असं कळवलं नाही, पुढच्या रविवारी आल्या नाहीत, इतकंच. वह्या कचेरीतच आहेत. बारावी वही त्यांनी घातली नाही, असं त्यांच्या शेजारणीनं सांगितलं.

सुमनबाईशी त्यांचं कसं जुळलं, मला ठाऊक नाही. विचारायला मला तोंड नव्हतं. लोक सांगत होते की, तूर आडवी झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सिस्टर तिथं गेल्या आणि मोडलेल्या तुरीच्या काड्या वेचू लागल्या. सुमनबाई आठ दिवस एक शब्द बोलली नाही. सिस्टर आठही दिवस जात राहिल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या हिवाळ्यात. मंडळ चालू होतं. नवे लोक आले होते, चांगले कॅमेरे आले होते. मीही जात होतो. का, ते मला विचारू नका. त्या रविवारी डॉक्टरांनी गाडी ई-क्लासकडं घेतली. स्वतः उतरले नाहीत, गाडीतच बसून राहिले. आम्ही सहा-सात जण शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधावरून निघालो.

सुमनबाईची तूर पुन्हा उभी होती. कडेला दोघी बसल्या होत्या, पुढ्यात सोलाण्याच्या, तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग. सिस्टर वाळल्या होत्या. पांढरं पातळ, डोक्यावर पदर. त्यांनी मला ओळखलं आणि पुन्हा शेंगांत मान घातली.

आमच्यातली एक नवी मुलगी पुढं झाली. नुकतीच बदली होऊन आलेली बँकेतली अधिकारी. तिला काही माहीत नव्हतं. तिनं मोबाइलवरचं चित्र दाखवत अदबीनं विचारलं, "मावशी, इथं हा पक्षी दिसतो म्हणतात. धाविक. तुम्ही पाहिलाय का कधी?"

सिस्टरांनी मोबाइल हातात घेतला. चित्र जवळ धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "असं काही नाही इथं. इथं पाखरं येतच नाहीत."

सुमनबाईनं मान वर केली नाही. शेंगा सोलत राहिली.

मुलगी थोडी हिरमुसली आणि पुढं गेली, तिच्यामागं बाकीचे. मी तिथंच उभा होतो. सिस्टरांच्या मागं, तुरीच्या दोन ओळींच्या मधून, एक धाविक चार पावलं पळालं, थांबलं, वाकलं. पाठोपाठ दुसरं. मग तिसरं. सिस्टरांची पाठ तिकडं होती, पण त्यांना ते माहीत होतं, कारण त्यांनी नजर उचलून थेट माझ्याकडं पाहिलं. मी आता बोलतो की नाही, एवढंच त्या पाहत होत्या.

पुढून कोणीतरी मला हाक मारली, "काही दिसलं का?"

"नाही," मी म्हणालो आणि त्यांच्यामागं चालू लागलो.